डावीकडे वळलेली घडी

३ फेब्रुवारी, मंगळवार
दुपारी, लॅबमधूनच

प्रिय वहिनी,

तू आणि दादा ठणठणीत असाल असं धरून चालते. खरं तर फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन दादा उचलतो. त्याला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे त्याला मान्य नाही. गेल्या खेपेला मी दहा मिनिटं घसा फोडून बोलले आणि शेवटी त्याने तुला सांगितलं म्हणे, की कुणीतरी गॅसबद्दल विचारत होतं. तू फोन घेतलास तरी नुसतं "हं, हं" करतेस. पत्राला मात्र उत्तर देतेस, चार ओळींचं का होईना. म्हणून हा खटाटोप.

माझं बरं आहे. गुडघा जिन्यावर कुरकुर करतो, सपाटीवर गप्प असतो.

तुझी लेक मागच्या महिन्यात दोन दिवस राहून गेली. आत्याच्या घरात येऊन आत्यालाच खुर्चीवर बसवून ठेवलं आणि सगळी कपाटं लावून दिली, आता मला चमचे सापडत नाहीत. कपाटं लावता लावता तुझ्या तक्रारी चालल्या होत्या. म्हणाली, आई कुलूप लावून निघते, चार पावलं जाते आणि परत येऊन कुलूप ओढून बघते. गॅस तर तीनदा बघते. मी म्हटलं, अगं, ती पहिल्यापासून तशीच. ती गेल्यावर मात्र वाटलं, तशी नव्हतीस तू. लॅबमध्ये तू एकदा बूच लावलंस की पुन्हा वळून बघायची नाहीस. वय झालं आपलं, दुसरं काय.

तिने तुझ्या शाळेतला नियमही सांगितला. प्रयोगाच्या तासाला कुठलीही बाटली उघडली की ज्याने उघडली त्याने वहीत नाव लिहायचं. मुलं तुला "नाववाल्या बाई" म्हणायची हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी हसले, पण फार नाही.

आता बातमी. महिनाअखेर मी निवृत्त होते आहे, आणि माझ्याबरोबर आपली लॅबही. तळमजला कॉम्प्युटरवाल्यांना दिलाय. वरच्यांनी मला निरोपाच्या कार्यक्रमाबद्दल विचारलं, मी म्हटलं आधी सामान काढू, मग मला काढा. आठ दिवसांपासून मी, एक सुतार आणि खोक्यांची रास असा आमचा संसार चाललाय. तपकिरी बाटल्या एका बाजूला, फुटकी काच दुसऱ्या बाजूला, आणि ज्याचं काय करायचं ते ठरत नाही असं सगळं खिडकीखाली. खिडकीखालचा ढीग सगळ्यांत मोठा आहे.

सुतार चौकस माणूस आहे. कपाटाचे स्क्रू काढता काढता विचारतो, "बाई, तुम्ही इथं नक्की करत काय होता?" मी म्हटलं, साखरेच्या कड्यांची एक वाटी असते, बिनबुडाची, इतकी लहान की डोळ्यांना कधीच दिसायची नाही. ती म्हणजे यजमान. तिच्यात दुसरा एक रेणू येऊन बसतो, तो पाहुणा. आमचा पाहुणा धातूचा होता, जांभळ्या रंगाचा, आणि फार नाजूक. नुसत्या पाण्यात ठेवला तर अंधारातसुद्धा दोन दिवसांत मोडायचा आणि रंग जायचा. आमच्यातल्या एकीचं म्हणणं होतं, की वाटीत बसला तर तो अंधारात महिनोन्‌महिने टिकेल, आणि उजेड दाखवला तरच मोडून बाहेर पडेल. म्हणजे आपण ठरवू तेव्हा, आपण ठरवू तिथे.

"वाटीला चिकटवायचं कशानं?" त्याने विचारलं.

"कशानंच नाही. मापात बसतो म्हणून राहतो."

"मग ते बिनखिळ्याच्या सांध्यासारखं झालं," तो म्हणाला. "खिळा नाही, सरस नाही. माप चुकलं नाही तर जन्मभर हलत नाही." आणि परत स्क्रू काढायला लागला. सरांना हेच समजावून सांगायला दोन तास लागायचे.

सर आठवतात ना, पहिल्या दिवशीचे? फळ्यावर वाटी काढली, तिच्यात एक ठिपका काढला आणि म्हणाले, "हा पाहुणा बांधलेला नाही. त्याला इथं बरं वाटतं, म्हणून तो इथं आहे. एवढंच आपलं शास्त्र." तू ते वहीत उतरवून घेतलंस. मी खिडकीबाहेर बघत होते, पण मलाही ते पाठ आहे.

आपल्या दोघींची टोपणनावं पाडणारे काचवाले काका आठवले. त्यांचं बाक काल निघालं. बाकाच्या लाकडावर ज्योतीचे काळे डाग आहेत, अगदी त्यांच्या कोपराच्या अंतरावर. मी कुप्या मागायला गेले की म्हणायचे, "काका, झालं का?" आणि तू म्हणायचीस, "होऊ दे सावकाश." महिन्याभरात मी "घाई" आणि तू "सावकाश" होऊन बसलो. सर रजिस्टरवर खरी नावं वाचायचे तेव्हा आपण दोघीही ओ द्यायला विसरायचो. दादा मला न्यायला फाटकापाशी यायचा तेव्हाही काकाच ओरडायचे, "पाहुणे आले, वाटी कुठंय?" तू लाजायची नाहीस, फक्त बर्नर बारीक करायचीस. मला ते कळायला वर्ष लागलं. आणि मग तू माझी वहिनी झालीस, आणि चारचौघांत मला तुला अहोजाहो करावं लागलं. अजून जमत नाही नीट.

अंधारखोलीचं दार मी परवा उघडलं. लाल दिवा गेलाय, होल्डर आहे. आत अजून तोच वास येतो, ओल्या लाकडाचा आणि रबराचा. तिथं उभं राहिल्यावर तुझे हात आठवले. तू डावखुरी. प्रत्येक कुपीला फॉइल गुंडाळून मानेपाशी तीन घड्या घालायचीस, आणि शेवटची डावीकडे वळवून नखाने दाबायचीस. तुझी कुपी शंभरांत ओळखू यायची.

त्यानंतरचं सगळं तुला माहीतच आहे. ते कशाला उगाळायचं.

हां, एक राहिलं. अंधारखोलीतल्या कपाटाचा खालचा खण सुताराने ओढून काढला, तर मागच्या फटीतून एक कुपी घरंगळत बाहेर आली. फॉइलमध्ये आहे. जुनीच असणार आपली कुठलीतरी. टाकून देऊ का? सवडीने कळव.

दादाला सांग, गॅसचा फोन माझाच होता.

तुझी,
धाकटी नणंद


१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय सावकाश,

या नावाने तुला एकतीस वर्षांत हाक मारली नाही. आज वहिनी म्हणून लिहायला बसले तर पुढचं काही लिहिता येणार नाही, म्हणून हे नाव.

तुझं कार्ड काल आलं. चार ओळी. "पत्र मिळालं. तुझ्या दादाचा चष्मा हरवला आहे. कुपी टाकू नकोस. फॉइलची घडी कुठल्या बाजूला वळली आहे ते कळव."

डावीकडे. घडी डावीकडे वळलेली आहे, आणि नखाची खूणसुद्धा आहे. ती सहावी कुपी आहे, सावकाश. तू सहा भरल्या होत्यास आणि कपाटात ठेवताना पाचच निघाल्या, आठवतं ना. आपण दुपारभर जमिनीवर रांगत शोधलं, आणि सर तुला म्हणाले, अकरा महिने खपून केलेल्या वाटीचा सहावा हिस्सा तुम्हाला सांभाळता येत नाही. तू ऐकून घेतलंस. ती मीच "क्षणभर" म्हणून खणात ठेवली होती आणि विसरले होते. हे मला ती घरंगळत आली तेव्हा आठवलं. एवढं एक मी खरंच विसरले होते. बाकीचं नाही.

तू घडी का विचारलीस हे मला कळलं. कार्ड हातात घेऊन मी जिन्यावर बसले ती सुतार विचारायला येईपर्यंत. आता सांगतेच. गेल्या पत्रात मी चमच्यांपासून सुतारापर्यंत सगळं लिहिलं आणि जे लिहायचं होतं त्याला बगल दिली. हे मला चांगलं जमतं, एकतीस वर्षांचा सराव आहे.

त्या पाच कुप्या मी उघडल्या होत्या. काच नाही, काच काकांनी ज्योतीवर बंद केली होती. फॉइल उघडलं.

माझं काम एवढंच होतं की रोज सकाळी अंधारखोलीत जायचं, दार लावायचं, लाल दिवा लावायचा, कपाटातल्या तापमापकाचा आकडा वहीत लिहायचा आणि बाहेर यायचं. कुप्यांना हात लावायचा नाही. तीन महिन्यांनी त्यांच्यात रंग शिल्लक असेल तर तुझं म्हणणं खरं. अंधारात ठेवलेल्या कुप्यांचाही रंग गेला, तर वाटी काही सांभाळत नाही, उजेडाचा काही संबंध नाही, आणि तुझी तीन वर्षं पाण्यात. हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं.

चौथ्या दिवशी मी पहिली कुपी बाहेर नेली. बोळातल्या खिडकीपाशी उभं राहून फॉइल सोललं. का, ते सांगायला गेले तर तुला हसू येईल किंवा येणार नाही. मला तो रंग बघायचा होता. लाल दिव्यात तो काळाच दिसायचा, आणि इतके महिने ज्याच्यासाठी आपण मरमर केली तो पाण्यात, वाटीत, उन्हात कसा दिसतो ते मला एकदा बघायचं होतं. वाट बघणं माझ्या रक्तातच नाही. मिनिटभर पाहिला. असा जांभळा मी नंतर कधी पाहिला नाही. मग परत गुंडाळला. मी गुंडाळण्यात हुशार होतेच, तुझ्यासारख्याच तीन घड्या घातल्या. पण माझा हात उजवा. शेवटची घडी उजवीकडे वळली हे माझ्या लक्षातही आलं नाही. ही सहावी हातात येईपर्यंत आलं नव्हतं.

एकदाच बघितलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण मी रोज बघायला लागले. पुढची कुपी हाताशी यायची म्हणून तीच जास्त, मागच्या कधीतरी. महिन्याभराने पहिली फिकट झालेली दिसली. तेव्हा मी थांबायला हवं होतं, तुझ्यापाशी येऊन सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर स्वतःची समजूत घातली की पाहुणा आपोआपच निघालाय, सावकाशचं गणित चुकलंय. आणि खरंच तसं आहे का हे बघायला आणखी उघडल्या. बघायला उघडायची आणि बघण्यानेच रंग जायचा. रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. ते कळूनही न कळल्यासारखं करण्यात मी दोन महिने काढले.

मोजणीच्या दिवशी तू पहिली कुपी उचललीस. सर यंत्रापाशी, मी दारापाशी. लाल दिव्यात तुझा अंगठा मानेवरच्या घडीवर गेला आणि थांबला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तू सरांकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस आणि हळूच विचारलंस, "या कुणी उघडल्या होत्या का?"

मी म्हटलं, "नाही." आणि वर म्हटलं, "कोण उघडणार?"

ते दुसरं वाक्य मला "नाही"पेक्षा जास्त टोचतं. "नाही" भीतीपोटी निघालं असेल. "कोण उघडणार" हे मी विचार करून जोडलं.

भीती कशाची ते तुला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या कायम नेमणुकीचा कागद सरांच्या टेबलावर होता, दुसऱ्या दिवशी त्यावर सही व्हायची होती. ती झाली. तू कपाट आवरून गेलीस आणि मी त्याच कपाटाच्या किल्ल्या घेतल्या. एकतीस वर्षं लोक मला सांगत आले, बाई, तुमच्यासारखी शिस्त कुणाची नाही. मी दर वेळी मान खाली घालायचे, त्यांना तो विनय वाटायचा.

तुझी संशोधनाची मुदत संपली, नवी वाटी करायला वेळ नव्हता, सामान नव्हतं. सगळे म्हणाले, लग्नच करायचंय तर बरंच झालं. मीही म्हणाले. नंतरच्या वर्षांत मी स्वतःला हेच सांगत आले, की तू लॅब सोडली नसतीस तर दादाबरोबर दुसऱ्या गावी गेली नसतीस, लेक झाली नसती, शाळेतली मुलं तुला मिळाली नसती. बघ किती उदार मी, तुझं नुकसान करून त्याचं फळ तुलाच दिलं. सणसणीत खोटं आहे हे. काका म्हणायचे तशी तू त्याला हो म्हणणारच होतीस, लॅबमध्ये राहूनसुद्धा.

मोजणीची जुनी वही मी शोधून काढली. आकडे आहेत सगळे, तुझ्या अक्षरात. पहिली कुपी, जवळजवळ शून्य. दुसरी, तिसरी, चौथी, प्रत्येक थोडी जास्त. पाचवीत बऱ्यापैकी रंग शिल्लक होता. सर म्हणाले होते, हा यंत्राचा दोष. तो दोष नव्हता. पाचवी सगळ्यांत मागे असायची, मी ती सात-आठ वेळाच उघडली होती. मी ज्या क्रमाने बघितलं त्याच क्रमाने रंग गेला. तुझं म्हणणं बरोबर होतं, सावकाश. पुरावा त्याच पानावर होता, फक्त तो वाचता येईल असं माणूस तिथं एकटी मीच होते, आणि मी मूग गिळून बसले.

काल मी त्या पानावर खाली लिहिलं. "या पाचही कुप्या प्रयोग चालू असताना मी अनेकदा उजेडात उघडल्या. त्यामुळे हा निष्कर्ष ग्राह्य धरू नये." नाव, तारीख, सही. मग वही घेऊन वर गेले आणि प्रमुखांच्या समोर ठेवली. पोरगेला माणूस आहे, तेव्हा तो शाळेत असेल. त्याने वाचलं, चहा मागवला आणि म्हणाला, "बाई, आता कोण विचारतंय?" मी म्हटलं, कुणी विचारलं नाही म्हणूनच तर इतकी वर्षं गेली. त्याने वही दप्तरात ठेवायचं कबूल केलं. तुझ्या शाळेतली मुलं हे दहाव्या वर्षी शिकली, मला साठावं लागलं.

कुपी माझ्या टेबलाच्या खणात आहे. आज नववा दिवस. खिडकी चार पावलांवर आहे. मी खोटं बोलणार नाही, दोनदा हातात घेतली. मनात आलं, आत रंग नसला तर मी थोडी तरी सुटेन. मग आठवलं की तू तीन महिन्यांचा शब्द दिला होतास, एकतीस वर्षांचा नाही. आता रंग नसला तरी मी सुटत नाही. आणि असला, तर तो आधी बघण्याचा हक्क माझा नाही. तेव्हा परत ठेवली. वाट बघणं असं असतं तर. चांगलंच जड जातं, तू आयुष्यभर कसं केलंस कोण जाणे.

आता तू सांगशील तसं. पोस्टाने नीट बांधून पाठवते. त्यानंतर तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर तेही समजेन. दादाला सांगायचं की नाही हे तू ठरव.

एकच विचारायचं आहे. त्या दिवशी तुझा अंगठा थांबला होता. तेव्हा तुला कळलं होतं का? कळलं होतं तर इतकी वर्षं माझ्या घरी येऊन माझ्या ताटात वाढत कशी राहिलीस?

तुझी,
घाई


२० फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय घाई,

दोन्ही पत्रं पोचली. दुसरं मी चार वेळा वाचलं. उत्तराला आठ दिवस लागले, त्यात माझ्या नावाचा दोष थोडा आणि रागाचा जास्त.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. घड्या उजवीकडे होत्या. पाचही. मला दिसल्या. मी तुला विचारलं आणि तू नाही म्हणालीस. मग मी माझ्या डोळ्यांना खोटं पाडलं. तुला नाही. तुला खोटं पाडणं माझ्या मनातही आलं नाही.

तू उघडल्या नसतील तर घड्या माझ्याच. म्हणजे मीच कधीतरी भलत्या हाताने घातल्या आणि मला आठवत नाही. आणि घडी आठवत नसेल तर बाकी काय काय मी न आठवता केलं असेल? वाटी तरी नीट धुतली होती का? मापं तरी बरोबर घेतली होती का? त्या आठवड्यात मी माझी वही उलटीसुलटी तपासली. एकही आकडा मला माझा वाटेना.

तुला एक गोष्ट माहीत नाही. मुदत संपली म्हणून मी गेले नाही. सरांनी मला बोलावून आणखी सहा महिने देऊ केले होते. पुन्हा करा म्हणाले, पाचव्या कुपीचा आकडा त्यांनाही खटकत होता. मी नको म्हटलं. माझ्या हातांचा मला भरवसा राहिला नव्हता. ते त्यांना सांगायची लाज वाटली म्हणून लग्नाचं कारण दिलं.

कुलूप मी तेव्हापासून ओढून बघते. त्याआधी नाही. तुला आठवलं ते बरोबर आहे. तुझ्या दादाला तो माझा स्वभाव वाटतो, लेकीला वय वाटतं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. शाळेत मी मुलांना नावं लिहायला लावायचे ती तू समजतेस त्यासाठी नाही. चोर सापडावा म्हणून नाही. एखाद्या पोराने काही केलं नसेल, तर आपण केलं नाही हे त्याला पक्कं माहीत असावं म्हणून.

राग आला आहे. तू लॅब घेतलीस त्याचा कमी. नोकरी तू चांगली केलीस, मी ऐकून आहे. पण माझेच हात माझ्याकडे परत द्यायला तुला एक वाक्य पुरलं असतं, आणि तू एकतीस वर्षं दर सुट्टीत माझ्यासमोर बसून भाज्या निवडल्यास. हा राग पत्रात मावणार नाही. तो समोर बसून काढीन. तयारीने ये.

वहीत लिहिलंस ते बरं केलंस. त्या पानाची एक प्रत मला हवी.

तुझ्या दादाला काही सांगितलेलं नाही. तो पत्र मागत होता, पण चष्मा अजून सापडला नाही. आहे कुठे ते मला माहीत आहे. सांगीन सवडीने.

काल दुपारी बाजारात निघाले. कुलूप लावलं, चार पावलं गेले. थांबले. मग तशीच पुढे गेले. घरी आले तेव्हा ते लागलेलं होतं.

मागच्या खोलीच्या खिडकीला काळा पडदा शिवते आहे. लाल दिवा आणायला तुझ्या दादाला पाठवलं आहे, कशाला ते विचारू नकोस म्हटलं, त्याला ऐकू आलं नाही. आधी लाल दिव्यात घडी बघू, मग पडदा सरकवू. जांभळा तू पाहिला आहेस. मी उन्हात एकदाही पाहिलेला नाही.

कुपी पोस्टाने पाठवायची नाही. निवृत्त झालीस की दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन ये.

आणि वाटेत उघडू नकोस.

तुझी,
सावकाश